विज्ञान केंद्राची सहल : पाहणे झाले, शिकणे राहिले

हिवाळा सुरू झाला की मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासमोर शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. पालघर, वसई, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या भागांतून आलेली मुले रांगेने आत जातात, दोन-अडीच तासांत सारी दालने पालथी घालतात, डबा खातात आणि परत निघतात. ही प्रथा जुनी असली तरी आज तिला नवे महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा शिक्षणाचा स्वतंत्र टप्पा मानला आणि त्या वर्गांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले. हे दिवस मुख्यत्वे स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्यासाठी आहेत. मात्र शाळेबाहेरच्या अनुभवालाही ह्या धोरणात मोठे स्थान आहे, आणि जुलै २०२४ मध्ये दप्तरमुक्त दिवसांची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. तेव्हा विज्ञान केंद्राच्या भेटी वाढतील ह्यात शंका नाही. त्या भेटींतून विज्ञान किती शिकले जाते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर केंद्रापेक्षा शाळेवरच अधिक अवलंबून आहे.

वस्तू काचेआड न ठेवता मुलांच्या हाती द्यावी, हा विचार भारतात तसा नवा नाही. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय १९५९ साली सुरू झाले. अमेरिकेत फ्रँक ओपनहायमर ह्या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को येथे एक्सप्लोरेटोरियम उघडले ते १९६९ मध्ये. वरळीला आधी १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, विज्ञान उद्यान झाले आणि पूर्ण केंद्र ११ नोव्हेंबर १९८५ रोजी खुले झाले. त्यामुळे साधनांची उणीव आहे, असे निदान मुंबईच्या परिसरात तरी म्हणता येणार नाही.

एकच उदाहरण घेऊ. विज्ञान उद्यानांत बहुधा कप्पीला टांगलेली खुर्ची असते. मुलाने खुर्चीत बसायचे, वरच्या कप्पीवरून खाली आलेला दोर ओढायचा आणि स्वतःच स्वतःला उचलायचे. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या सामान्य विज्ञानात साधी यंत्रे हा पाठ आहे. स्थिर कप्पीने केवळ बलाची दिशा बदलते, बल वाचत नाही, असे आपण वर्गात शिकवतो, आणि ते खरेही आहे. आता मूल ३० किलोचे आणि खुर्ची १० किलोची धरा. मित्राने जमिनीवर उभे राहून दोर ओढला तर त्याला सुमारे ४० किलो वजनाइतके बल लावावे लागेल. तोच दोर खुर्चीत बसलेल्या मुलाने स्वतः ओढला तर मात्र २० किलोइतके बल पुरते! कप्पी तीच, दोर तोच आणि वजनही तेच. मग हे अर्धे बल गेले कुठे? मूल स्वतः ओढते तेव्हा त्याचा भार दोराच्या दोन पदरांवर विभागला जातो. एक पदर खुर्चीला बांधलेला आणि दुसरा त्याच्याच हातातला. त्याची किंमतही चुकवावी लागते. एक मीटर वर जायचे तर दोन मीटर दोर हातांतून ओढून घ्यावा लागतो. (घर्षण येथे हिशेबात धरलेले नाही, प्रत्यक्षात थोडे अधिक बल लागते.)

साध्या यंत्रांचा सारा गाभा ह्या एका खुर्चीत आहे. बल वाचते, पण कार्य वाचत नाही. परंतु सहलीतील मूल खुर्चीत किती वेळ बसते? पाठीमागे चाळीस मुले उभी असतात, शिक्षक घड्याळ पाहत असतात. मूल दोनदा दोर ओढते, हसते आणि उतरते. मित्राला जमिनीवर उभे करून तोच दोर ओढून पाहण्याचे त्याला कोणी सुचवत नाही. मग अनुभव उरतो, प्रश्न मात्र पडतच नाही.

हा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले की अगदी अनोळखी जागी नेलेल्या मुलांचे लक्ष आधी त्या जागेकडेच जाते आणि ठरवलेला धडा मागे पडतो. इस्रायलमधील ओरियन व हॉफस्टाइन ह्यांनी १९९४ मध्ये ह्यावर साधा उपाय सांगितला : निघण्यापूर्वीच मुलांना जागेची, दिवसाच्या क्रमाची आणि विषयाची ओळख करून द्यावी. डबा कुठे खायचा, स्वच्छतागृह कुठे आहे, किती वेळ मिळणार, हे आधी कळले की मन मोकळे होते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिन व सिमिंग्टन ह्यांना १९९७ मध्ये आढळले की शिक्षक मुलांना भरायचे कागद देतात, मुले फलकांवरील वाक्ये उतरवून घेतात आणि वर्गातील चालू पाठाशी भेटीचा संबंध फारसा जोडलाच जात नाही. आपल्या सहलीनंतरचे निबंध ज्यांनी तपासले आहेत, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

ह्या बाबतीत न्यूयॉर्कचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. तेथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या पुढाकाराने २००४ साली ‘अर्बन ॲडव्हान्टेज’ हा उपक्रम सुरू झाला, आणि तो नेमका ह्याच वयाच्या मुलांसाठी. शहरातील संग्रहालये, वनस्पती उद्याने व प्राणिसंग्रहालये त्यात एकत्र आली. तेथे आधी शिक्षक शिकतात. ते स्वतः दालनांत जाऊन प्रश्न काढतात, निरीक्षण करतात आणि मगच मुलांना आणतात. मुले त्यातून दीर्घ मुदतीचा शोधप्रकल्प करतात. शिवाय मुलांना कुटुंबासह पुन्हा येण्यासाठी विनामूल्य प्रवेशपत्रे मिळतात. दुसरी भेट ही पहिलीहून अधिक फलदायी ठरते, कारण नवलाई ओसरलेली असते.

आपल्या धर्मग्रामांतील शाळांना न्यूयॉर्कइतका पैसा मिळणार नाही. पण बहुतेक गोष्टींना पैसा लागतही नाही. विज्ञान शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यावे. सारे केंद्र न पाहता चार-पाच प्रदर्शनीये निवडावीत. वर्गाने आधी भाकीत लिहावे, तेथे ते तपासावे आणि परतल्यावर आठवडाभरात त्यावर चर्चा व्हावी. मुख्याध्यापकांनी सहलीची ‘संख्या’ विचारण्याऐवजी हे विचारले तरी पुष्कळ होईल. आज अनेकदा सहलीबरोबर शिक्षक जातात ते शिकवण्यासाठी नव्हे, तर डोकी मोजण्यासाठी. त्यांचा दोष नाही. जबाबदारीच तशी टाकलेली असते.

पैशाचा प्रश्न उरतो तो वेगळ्या ठिकाणी. सहलीचे शुल्क भरता येत नाही म्हणून त्या दिवशी घरी राहणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि डहाणू-तलासरीकडील आश्रमशाळांतून वरळी गाठणे म्हणजे सारा दिवस रस्त्यातच घालवणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात गरिबांच्या शिक्षणाची काळजी वाहण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेवर स्पष्टपणे टाकली आहे. शैक्षणिक भेट ही करमणूक नसून अभ्यासक्रमाचा भाग आहे, असे आपण म्हणत असू, तर तिचे शुल्क ऐच्छिक कसे राहील? धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीतून हा खर्च का होऊ नये, ह्याचा विचार शाळांच्या व्यवस्थापनांनी करायला हवा. दुर्गम भागांसाठी दुसराही मार्ग आहे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या प्रदर्शनाच्या बसगाड्या गावोगावी जातात. शाळांनी एकत्र येऊन त्यांची मागणी करावी.

आणि कप्पी पाहायला दर वेळी वरळीलाच जायला हवे असेही नाही. वसईच्या वाड्यांत केळी आणि पानवेली पिकल्या त्या विहिरींवरील रहाटांच्या पाण्यावर. आज ते रहाट थांबले आहेत, पण त्यांवर काम केलेली माणसे काही घरांत अजून आहेत. सहलीच्या आधीच्या आठवड्यात अशा एका आजोबांना वर्गात बोलवावे. शाळेच्या विहिरीवर कप्पी टांगून, तानकाटा लावून, भरलेल्या कळशीला किती बल लागते ते मुलांनी मोजावे आणि आकडे वहीत लिहावेत. तीच वही घेऊन मग वरळीच्या खुर्चीत बसावे.