खुर्चीखालचं भांडं

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना एकदाच 3000 रुपये मिळतात. 2024 पासूनची ही योजना. त्या पैशांत काय काय घेता येईल, त्याची यादी सरकारने दिली आहे. त्यात चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, वॉकर आहे आणि कमोड खुर्चीही आहे. वर्धा जिल्ह्यात संडास अंगणाच्या टोकाला असलेली घरं काही कमी नाहीत. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला रात्री तिथवर जाणं होत नाही. त्याची लाज राखणारी वस्तू म्हणजे ही खुर्ची. यादी करणाऱ्याला ती सुचली, हे चांगलंच झालं.

पण खुर्चीखाली भांडं असतं. ते दिवसातून तीन-चारदा उचलून, रिकामं करून, धुऊन परत ठेवावं लागतं. ते कोण उचलतं?

बहुतेक घरांत सून. वेचणीच्या दिवसांत ती आधी मामाजींना पुसून घेते, धोतर बदलते, भांडं धुते आणि मग कापसाच्या शेतात जाते. मुलगा घरीच असतो. बापाच्या औषधाचे पैसे तो देतो, दवाखान्यात नेतो, आणि तेवढ्यावर त्याची सेवा पुरी होते.

विचारलं तर उत्तर तयार असतं. आईला मुलाचा संकोच वाटतो, ही कामं बायकांनीच केलेली बरी. आईचा संकोच खरा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण मग बापाचं काय? ज्या सासऱ्यासमोर डोईवरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, त्याचंच अंग सुनेने धुवायचं. इथे तिला संकोच नाही? त्या म्हाताऱ्याला नाही? पोटचा पोरगा बाहेर ओट्यावर बसलेला असताना सुनेच्या हातून स्वच्छ करून घ्यावं लागतं, तेव्हा किती म्हातारे भिंतीकडे तोंड करतात, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे मुलाची सुटका होणार असेल तेव्हाच आपल्याला संकोच आठवतो.

हे त्या जिल्ह्यात चालतं, जिथे गांधीजींचा सेवाग्राम आश्रम आहे. त्यांच्या येरवड्याच्या तुरुंगापासूनच्या ओळखीचे, संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने पोखरलेलं शरीर घेऊन 1939 मध्ये तिथे आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि सत्तरीच्या वयात स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. नात्याचा धागा नव्हता. ज्या रोगाला घरचेही शिवत नसत, तो रोग होता. परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. लोक येतात, पाहतात, हात जोडतात. महात्म्याचं काम म्हटलं की ते आपल्याला करावं लागत नाही. आणि तेच काम सून वर्षानुवर्षं करते, तेव्हा त्यात कुणाला काही दिसत नाही.

बापाला उचलणं हे ताकदीचं काम आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. ओलं राहिलं तर त्या चिघळतात. हे शिकावं लागतं, आणि शिकलं की कुणालाही जमतं. दवाखान्यातून सुटी देताना ‘घरच्या बाईला बोलवा, तिला समजावून सांगते’ असं सिस्टर म्हणते. तिने मुलाला बोलवावं. तिथेच, तिच्यासमोर, त्याला एकदा बापाची कूस बदलायला लावावी, भांडं लावायला आणि काढायला लावावं. घरी गेल्यावर मग त्याला ‘मला येत नाही’ असं म्हणता येणार नाही.