सुरतेची मेट्रो आणि उधन्याचे स्टेशन

सुरत म्हटले की आपल्यापुढे साड्यांचे गठ्ठे येतात. त्या साड्यांचे कापड विणणारा माणूस सहसा येत नाही. या कामगारांत आपले खानदेशी बांधव पुष्कळ आहेत. जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून रेल्वेने यायचे, उधन्याला उतरायचे आणि लिंबायत-डिंडोलीकडे बिऱ्हाड थाटायचे, हा परिपाठ जुना आहे.

या शहराच्या मेट्रोचे भूमिपूजन १८ जानेवारी २०२१ रोजी झाले. मंजूर आराखड्यानुसार पहिल्या टप्प्यात दोन मार्ग, लांबी ४०.३५ किलोमीटर आणि खर्च १२,०२० कोटी रुपये. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला भागाकार केल्यावाचून राहवत नाही: किलोमीटरमागे सुमारे २९८ कोटी! एवढे भांडवल घातल्यावर लाभ कोणाच्या पदरात पडणार, हे विचारायला नको का?

सरथाणा ते ड्रीम सिटी हा पहिला मार्ग. ड्रीम सिटीत हिऱ्यांचा भव्य बाजार २०२३ साली उभा राहिला. भेसाण ते सारोली हा दुसरा. तो रिंगरोडच्या कापडबाजाराजवळून आणि लिंबायतच्या कडेने जातो, हे मान्य केले पाहिजे. परंतु उधना रेल्वे स्टेशन या दोन्ही मार्गांवर नाही. यादीत 'उधना दरवाजा' हे नाव आहे खरे, पण तो जुन्या शहराचा दरवाजा. उधना स्टेशन तिथून बरेच दूर. नावाने फसू नये!

कोणी म्हणेल, उधना दरवाजा ते सचिन अशी बीआरटीएस बस २०१४ पासून आहेच. आहे. मग ड्रीम सिटीलाही बसच का पुरली नसती?

या बाबतीत ओसाकाकडे पाहावे. तेही एके काळी कापडगिरण्यांचे शहर. 'पूर्वेचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाई. १९३३ साली तिथे नगरपालिकेने पहिली भुयारी रेल्वे सुरू केली. गाडी एकाच डब्याची, पण फलाट लांबलचक बांधले होते. पुढे त्याच मार्गावर दहा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट १९६९ सालची. भुयारी गाड्यांना रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून वीज देण्याची त्या शहराची रीत होती. साकाईसुजी मार्गापुरती ती सोडून वरून तारा टाकल्या, कारण हांक्यू या खाजगी रेल्वेच्या गाड्या थेट भुयारात याव्यात. उपनगरातला उतारू गाडी न बदलता शहरात पोहोचू लागला.

सुरतेत हे जमणार नाही. मेट्रोचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आणि आपली रेल्वे १,६७६ ची. पण म्हणूनच जिथे रेल्वे थांबते तिथे मेट्रोने जाणे अधिक निकडीचे ठरते. सुरत स्टेशनाला ते भाग्य लाभले. उधना मात्र मुंबई आणि जळगाव या दोन्ही मार्गांचे जंक्शन असून वगळले गेले. यंत्रमागाची पाळी बारा तासांची असते. त्या पाळीनंतर रिक्षाच्या भाड्यासाठी घासाघीस करणाऱ्याला थोडी ऊब रेल्वेच्या पुलावरून सरळ मेट्रोच्या फलाटावर उतरता आले, तरच मिळेल. पुढचा टप्पा आखताना पहिली खूण उधन्यावर करावी, रेल्वे, बस आणि मेट्रो यांचा पास एकच ठेवावा, आणि सकाळची पहिली गाडी कारखान्याच्या पाळीचे घड्याळ पाहून सोडावी.