व्यायामाचे अनुपान

चिकित्सापत्रकाच्या तळाशी 'पथ्य : व्यायाम' एवढे दोन शब्द लिहून रुग्णास निरोप देण्याची रीत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. औषधाच्या बाबतीत आपण मात्रा, काल आणि अनुपान यांचा बारकाईने विचार करतो. चूर्ण कोमट पाण्याबरोबर घ्यावे की मधाबरोबर, हे सांगण्यास कोणीही वैद्य विसरत नाही. मग व्यायामाची मात्रा किती, काल कोणता आणि अनुपान कोणते, हे मात्र रुग्णाच्या मर्जीवर का सोडावे? यांतील अनुपानाच्या प्रश्नाकडे आम्ही वैद्यबंधू-भगिनींचे व औषधी-व्यावसायिकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आमच्या मते व्यायामाचे अनुपान म्हणजे सोबत; मित्रांची, आणि जमेल तेथे एखाद्या श्वानाचीही.

या प्रश्नाचे गांभीर्य सर्वज्ञात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचविला. म्हणजे दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास. एवढे श्रम बहुतेकांच्या आवाक्यातले आहेत आणि त्यांची आवश्यकताही बहुतेकांस ठाऊक आहे. अडते ते सातत्यापाशी. नववर्षाच्या संकल्पाने सुरू झालेली व्यायामशाळा संक्रांत उलटताच सुटते, कारण तेथे जाणे हे केवळ कर्तव्य असते. त्यात आनंद नसतो आणि न गेल्यास कोणी वाट पाहणारेही नसते.

शास्त्राने या बाबतीत आपणांस मुळीच अंधारात ठेवलेले नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात देहाला फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणाची, अर्थात साध्या चालण्याची, आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविणारे म्हणून प्रशंसा केली आहे. प्रमेहचिकित्सेत तर त्यांनी निर्धन रुग्णास छत्री-पादत्राणांवाचून शंभर योजने चालण्यास आणि धनिक रुग्णास रानमेवा खाऊन मृगांच्या सहवासात राहण्यास सांगितले. आजच्या प्रमेह्यास यांतील काहीच अक्षरशः सांगता येणार नाही, आणि मधुमेहीने अनवाणी चालणे तर पायांच्या दृष्टीने घातकच. तथापि त्यामागील आशय स्पष्ट आहे. रुग्णाने घराबाहेर पडावे, भूमीवर चालावे आणि सजीव सृष्टीच्या सान्निध्यात वावरावे. वाग्भटाचार्यांनीही कल्याणमित्रांचे सेवन दिनचर्येच्या अध्यायातच सांगितले आहे. जेथे व्यायाम, तेथेच सन्मित्र.

पुण्यातील वेताळ टेकडीवर दर रविवारी पहाटे जाणारी आमची एक लहानशी मंडळी आहे. त्यात एक औषधी दुकानदार, एक निवृत्त शिक्षक, एक बँक कर्मचारी, एक गृहिणी व आम्ही असे पाच जण असून सहावा सदस्य मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. या उपक्रमास ना नाव, ना वर्गणी, ना नियमावली. बँकेतील स्नेही मधुमेही आहेत. त्यांनी दोन वेळा व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात जाणे सोडले. टेकडी मात्र गेली तीन वर्षे सुटलेली नाही. मोत्या शिक्षकांचा, त्याला रविवार समजत नाही, म्हणून ते रोजच निघतात. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या मुक्या प्राण्यापुढे सर्दीची वा पाहुण्यांची सबब चालत नाही. गृहिणी भगिनींना पहाटे एकटीने टेकडीवर जाणे निर्धास्त वाटत नसे. सोबत मिळाली आणि तो अडसर दूर झाला. सल्ल्याने न साधलेले सोबतीने साधते, ते असे.

आता मात्रेविषयी. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीने, एरवी त्याहूनही मंद व्यायाम करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. श्वास तोंडावाटे होऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले, ही सुश्रुतोक्त खूण आजही प्रत्येक रुग्णास समजावता येते. मित्रांच्या संगतीत ती आपोआप पाळली जाते, कारण गप्पा मारता मारता चढणाऱ्याचा श्वास फार चढू शकत नाही. बोलणे तुटू लागले की सर्वांनी थांबावे, एवढाच नियम पुरे. मोत्यास ही खूण लागू नाही. श्वानांना घाम जवळजवळ येत नसल्याने ते धापा टाकूनच शरीर थंड करतात. परंतु पुरेसे झाले म्हणजे तो सालईच्या सावलीत बसतो आणि कितीही हाक मारा, उठत नाही. अर्धशक्तीचा सिद्धांत न वाचता आचरणारा आमच्यातील तो एकटाच. टेकडी उतरताच तर्रीदार मिसळीवर ताव मारून कमावलेले लाघव गमावण्याचा मोह बाकीच्यांना होतोच.

कालाचा विचार तर अधिकच निकडीचा आहे. आपल्याकडे गिर्यारोहणाची लाट येते ती नेमकी पावसाळ्यात. चरकाचार्यांनी वर्षा ऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला, कारण त्या काळी देहबल क्षीण व अग्नी मंद असतो. वर्षभर खुर्चीत बसलेली माणसे आषाढातल्या एका रविवारी निसरड्या गडवाटांवर गर्दी करतात आणि सोमवारी गुडघे धरून आपल्या दवाखान्यात येतात. पावसात बाहेर पडूच नये असे आमचे म्हणणे नाही. हिरवा सह्याद्री पाहण्याचा आनंद आम्हांसही प्रिय आहे. परंतु त्या दिवसांत सपाटीवरचा संथ फेरफटका पुरे. खरी चढाई हेमंत-शिशिरासाठी राखावी, हे रुग्णास वेळीच सांगणे आपले काम आहे.

श्वान बरोबर घेण्यातही विवेक हवा. त्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असावी, गोचिडी वेळोवेळी काढाव्यात, उन्हात तापलेल्या कातळावर त्याला चालवू नये आणि मोर वा अन्य वन्य जीव असलेल्या ठिकाणी दोरी सोडू नये. अलर्कविषाचे व जलत्रासाचे वर्णन सुश्रुताने कल्पस्थानात केले असून जलत्रास उत्पन्न झाल्यावरची असाध्यताही सांगितली आहे. म्हणून श्वानदंश झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन रुग्णास विनाविलंब लसीकरणासाठी पाठवावे; तेथे अन्य कोणत्याही उपचारात क्षणही दवडू नये. ज्यांना श्वान पाळणे शक्य नाही, त्यांनी शेजाऱ्याचा फिरवून आणावा. उपकार दुहेरी होतील.

'रुग्णांची रांग सोडून वैद्याने टेकड्या चढाव्यात काय?' असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. आमचे उत्तर असे की स्वतः चालणाऱ्या वैद्याच्या शब्दाला जे वजन असते, ते छापील पथ्यपत्रकाला नसते. शिवाय मेडशिंगी, सालई, गुळवेल ज्यांनी केवळ गोणीत वा बाटलीत पाहिली, त्यांना ती उभी, पानाफुलांसह पाहण्याची संधी मिळते. आमच्या औषधी दुकानदार स्नेह्यांनी टेकडीवर गुळवेलीचे खोड अनेकदा हाताळले असल्याने, आता आलेला माल पारखताना त्यांचा हात अडखळत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच की येत्या हेमंतात प्रत्येक तालुक्यातील वैद्यांनी व औषधी-व्यावसायिकांनी महिन्यातून एक सकाळ जवळच्या टेकडीसाठी, नदीकाठासाठी किंवा माळासाठी राखून ठेवावी. भाषणे नकोत, फलक नकोत, सत्कार तर नकोतच. दोन-चार इच्छुक रुग्णांना सोबत घ्यावे आणि कोणाचा कुत्रा आला तर त्यालाही येऊ द्यावे. चिकित्सापत्रकावर व्यायाम लिहिताना पुढे आणखी एक प्रश्न विचारावा : 'कोणाबरोबर जाणार?' त्याचे उत्तर मिळेपर्यंत रुग्णास उठू देऊ नये.