मोटारसायकलमागची शेज

प्लायवुडचा तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो. फर्निचरचा किंवा इमारती लाकडाचा व्यवसाय असलेल्या घरांत हे माप लहान मुलालाही पाठ असते. याच मापाने गेल्या शतकात अमेरिकेत एका चिमुकल्या वाहनाला आकार दिला. १९३० च्या दशकात तिथे मोटारीमागे ओढायची झोपण्यापुरती खोली लोक घरच्या अंगणात स्वतः बांधू लागले. पुढून फुगीर आणि मागे निमुळती होत गेलेली ही खोली दिसायला पाण्याच्या थेंबासारखी, म्हणून तिला ‘टिअरड्रॉप’ म्हणजे अश्रूबिंदू असे नाव पडले. आत दोघांना पुरेल एवढी गादी आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा, एवढाच तिचा संसार. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेले ॲल्युमिनियम बाजारात आले, ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’सारख्या मासिकाने १९४७ मध्ये तिचा आराखडा छापला आणि करवत-हातोडा चालवता येणाऱ्या कुणालाही ती आवाक्यात वाटू लागली.

हीच कल्पना पुढे मोटारसायकलस्वारांनी उचलली. पावसात तंबू ठोकण्याचा कंटाळा आणि जमिनीच्या ओलाव्यावर झोपण्याचा त्रास चुकवावा, दिवसभराच्या प्रवासानंतर स्वतःच्या अंथरुणात शिरावे, ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. मात्र मोटारीमागे जे चालते ते दुचाकीमागे तसेच्या तसे चालत नाही. मोटार चार चाकांवर उभी असते. दुचाकी वळताना झुकते, तिचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनाच्या बेताने दिलेले असतात आणि तिचा तोल पूर्णपणे चालवणाऱ्याच्या अंगात असतो. होंडाची गोल्डविंग १९७५ पासून लांब पल्ल्याची गाडी म्हणून ख्यात आहे. तिच्यामागे ट्रेलर जोडलेला अमेरिकेत वारंवार दिसतो, आणि तरीही तिच्या मालकपुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असेच बजावलेले असते. ज्याला हे काम करायचे आहे, त्याने ते वाक्य आधी वाचावे आणि मगच लोखंड आणायला जावे.

या छंदाची सर्वांत स्पष्ट चौकट ब्रिटनच्या कायद्यात सापडते. तिथे १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलला ट्रेलर ओढता येतो. मात्र ट्रेलरची रुंदी एक मीटरहून अधिक चालत नाही, मोटारसायकलच्या मागच्या ॲक्सलपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर अडीच मीटरच्या आत लागते, आणि सामानासकट ट्रेलरचे वजन १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच ठेवावे लागते. साध्या दुपदरी रस्त्यावर वेग ताशी ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. नियम कोरडे वाटतात, पण ते कागदावर मांडले की ट्रेलरचा आकार आपोआप ठरत जातो.

अडीच मीटरांतले पहिले अर्धा मीटर मोटारसायकलच्या शेपटीतच संपते. पुढचे पन्नास-साठ सेंटिमीटर जोडदांडीला लागतात. पेटीसाठी उरते ती १४० सेंटिमीटरच्या आसपास लांबी. साडेपाच फुटांचा माणूस १६८ सेंटिमीटर. म्हणजे आठ फुटी प्लायवुडचा सुबक अश्रूबिंदू इथे बसतच नाही. रुंदीतही चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर होतात. त्यामुळे मोटारसायकलमागचे बहुतेक शयन-ट्रेलर घडीचे असतात. रस्त्यावर ती एक झाकणबंद पेटी दिसते. मुक्कामी झाकण उलगडून पुढे दांडीवर टेकवायचे, की पलंगाची लांबी दुप्पट होते आणि वर कमानींवर ताडपत्रीची कनात ताणली जाते. दिसायला हा प्रकार थेंबाइतका देखणा नाही, पण पेटी बुटकी असल्याने वाऱ्याला कमी अडते आणि वजन जमिनीजवळ राहते.

आता वजनाचा हिशेब. भारतातली ३५० सीसीची एखादी लोकप्रिय मोटारसायकल सुमारे १९५ किलोची असते. तिचे दोन तृतीयांश म्हणजे १३० किलो. चाळीस बाय वीस मिलिमीटरची, दोन मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी मीटरला पावणेदोन किलो भरते. सांगाड्याला आठ-नऊ मीटर लागली तर १५ किलो गेले. ॲक्सल, स्प्रिंगा, दोन चाके आणि जोड यांचे ३५ धरावे. सहा मिलिमीटर प्लायवुडचा पूर्ण तक्ता जवळपास ११ किलोचा. दोन तक्ते आणि बिजागऱ्या-कड्या मिळून २५. गादी आणि कनात १२. बेरीज ८७ झाली, शिल्लक ४३. त्यात पाणी, कपडे, शिधा, हत्यारे सारे आले. बारा मिलिमीटरचे प्लाय ‘मजबुतीसाठी’ वापरण्याचा मोह इथेच आवरावा लागतो, कारण त्यात २० किलोहून अधिक शिल्लक उडून जाते. मजबुती जाडीपेक्षा सांध्यांत असते, हे कुठलाही जुना सुतार सांगेल.

वजन किती, याहून ते कुठे ठेवले, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे आणि माणसे प्राणास मुकतात ती बहुधा याच ठिकाणी. ट्रेलर म्हणजे आडवा ठेवलेला तराजू. ॲक्सल हा त्याचा काटा. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारसायकलवर यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. भार याहून अधिक झाला तर मोटारसायकलचे मागचे चाक दबते आणि पुढचे हलके होऊन हँडल सैल वाटू लागते. कमी झाला तर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो, आणि विशिष्ट वेगाच्या पुढे हे डोलणे आपोआप वाढत जाते. त्या क्षणी घाबरून ब्रेक दाबणे घातक ठरते. थ्रॉटल हळूहळू सोडून वेग उतरू देणे एवढाच मार्ग उरतो.

उदाहरणार्थ, भरलेला ट्रेलर १४० किलोचा आहे आणि जोडापासून ॲक्सल दीड मीटर मागे आहे. गुरुत्वमध्य ॲक्सलच्या १५ सेंटिमीटर पुढे असेल तर दांडीवर बरोबर १४ किलो येतात, म्हणजे दहा टक्के. आता ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढे ठेवलेला २० लिटर पाण्याचा कॅन कुणी सोयीसाठी उचलून ४० सेंटिमीटर मागे ठेवला. दांडीवर तीन किलोंच्या वर फारसे काही राहत नाही. एवढ्याशा हालचालीने सुरक्षित वाहन धोकादायक होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच बदल दिसत नाही. आडतीच्या गोदामात वजनकाटा असतोच. ट्रेलर सामानासह भरून, समपातळीत धरून, दांडीचे टोक त्यावर टेकवले की खरा आकडा कळतो. प्रत्येक प्रवासाच्या सकाळी हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

जोडाबाबत काटकसर करू नये. मोटारीच्या ट्रेलरला वापरतात तो गोळा-वाटीचा साधा जोड थोडे झुकणे सोसतो, पण मोटारसायकल वळणावर बरीच झुकते. त्यामुळे दांडीतच स्वतःभोवती पूर्ण फिरू शकणारा सांधा बसवावा लागतो. गाडी झुकली तरी ट्रेलर सरळ राहतो, आणि दुर्दैवाने गाडी आडवी पडली तरी तो तिच्यासह उलटत नाही. शिवाय जोड निसटलाच तर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घालायच्या. हुक कुठे बसवायचा, हाही प्रश्न आहे. नंबर प्लेटच्या पट्टीला किंवा सामानाच्या कॅरिअरला जोडलेला ट्रेलर ही केवळ दुर्घटनेची पूर्वतयारी होय; ओढ थेट चासीवर गेली पाहिजे, आणि हे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

चाकांचे काम तुलनेने सोपे. रिक्षाला लागणारे ४.००-८ मापाचे टायर सर्वत्र मिळतात. फक्त एवढे ध्यानात असावे की लहान चाक फार वेगाने फिरते. ताशी ८० किलोमीटरला ते मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, आणि वंगण कमी पडले की बेअरिंग तापते. चहाच्या थांब्यावर हबजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर प्रवास तिथेच थांबवावा.

झोपण्याच्या सोयीत सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते हवेकडे. थंडी नको म्हणून पेटी घट्ट बंद केली जाते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडते आणि पहाटे ते छतावरून टपकते, हा त्रास सोसण्याजोगा आहे. मात्र आत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा दिवा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला तो जाग येऊ देत नाही. म्हणून समोरासमोरचे दोन झरोके कायम उघडे हवेत, चूल नेहमी बाहेर हवी, आणि दाराची कडी आतून उघडणारी हवी. दोन बाजूंना दोन दारे ठेवणे उत्तम.

भारतात हा छंद अद्याप रुजलेला नाही. सौराष्ट्रातला छकडो अनेकांना आठवेल, पण तिथे मोटारसायकलचे मागचे चाकच काढून तिची तीनचाकी केलेली असते. तो ट्रेलर नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे घरी बांधलेली पेटी नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. वाहनात परवानगीबाहेर फेरबदल केल्यास कलम ५२ आडवे येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्याहून मोठी बाब विम्याची. अशा ट्रेलरमुळे कुणाला इजा झाली तर विमा कंपनीशी वाद ओढवू शकतो आणि भरपाईचा बोजा कुटुंबावर येऊ शकतो. दुकान आणि घर ज्यांच्या एकाच नावावर आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. लोखंड विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले तर तेवढ्या टपालखर्चात मोठा घाटा टळला असे समजावे.

आपले रस्तेही या प्रकाराला अनुकूल नाहीत. मोटारसायकलचे माग एकच असते. ट्रेलर जोडला की तीन होतात. चालवणारा कौशल्याने खड्डा चुकवतो आणि नेमके ट्रेलरचे चाक त्याच खड्ड्यात जाते. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने कापत जातो, तिथे पायी चालणारा माणूस असू शकतो. ब्रेक नसलेला १३० किलोंचा भार मागून ढकलत असताना घाटात वळणातच ब्रेक लावावा लागला तर मागचे चाक बाहेर फेकले जाते. म्हणून वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात नाही.

एवढे जाणूनही एखाद्या घरातील तरुणाने हे बांधायला घेतले, तर त्याला लगेच अडवण्याचे कारण नाही. पुठ्ठ्याचा नमुना करून त्यात झोपून पाहणे, वजनांची वही ठेवणे, वेल्डिंग शिकणे यांत कायदा आड येत नाही आणि खर्चही बेताचा. परवानगी मिळालीच, तर पहिली चाचणी रिकाम्या मैदानात रिकाम्या ट्रेलरसह घ्यावी, नंतर निम्म्या भाराने आणि मग पूर्ण भाराने, प्रत्येक वेळी वेग थोडाथोडा वाढवत. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे सर्व नट पुन्हा पान्याने कसावेत. नव्या रंगावर बसवलेले नट हमखास सैल झालेले आढळतात.