चलती आणि पत

दुकानात आलेले गिऱ्हाईक "हे आहे का?" असे विचारत मोबाइल पुढे करते, ही आता गावोगावच्या बाजारपेठेतील नित्याची गोष्ट झाली आहे. वस्तू दुकानात पोचण्यापूर्वी तिचे चित्र घरोघरी पोचलेले असते. फलटणमधील भेटवस्तू, खेळणी व शालेय साहित्याच्या एका जुन्या दुकानात वडिलांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या तरुणीला या चित्रांचे मोठे कुतूहल वाटू लागले. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती गल्ल्यावर बसू लागली, तेव्हा रोजमेळ व खतावणीच्या जोडीला तिने स्वतःची एक शंभर पानी वही घातली. तीत चार रकाने आखले: वस्तूचे नाव, पहिली विचारणा, माल आल्याची तारीख आणि शेवटची विचारणा.

पहिल्या नोंदी तिने जुन्या बिलांवरून व वडिलांच्या आठवणीवरून केल्या. २०१७ साली बोटावर फिरवायची भिंगरी आली. २०२१ साली रबरी बुडबुडे दाबत बसण्याचे पॉप-इट आले. दोन्ही वेळा पहिला माल हातोहात गेला आणि दुसरा माल येईपर्यंत मुलांचे मन त्यावरून उडाले. वडिलांच्या तरुणपणीही चलती होतीच. एखाद्या चित्रपटामुळे एखादी बांगडी किंवा केसांचा चाप गाजत असे. परंतु ते वेड लग्नसराईपासून दिवाळीपर्यंत टिके आणि दुकानदाराला माल आणून खपवण्यास पुरेसा अवधी मिळे. आताचे वारे इतक्या लवकर फिरते की, वहीतील चौथा रकाना कधी कधी तिसऱ्याच्या आधीच भरावा लागतो.

हे वारे येते कोठून, याचा ती शोध घेऊ लागली. २०२५ सालच्या उन्हाळ्यात तिच्या वहीत सर्वाधिक वेळा लिहिले गेलेले नाव होते लबूबू. टोकदार कानांचे, मोठ्या डोळ्यांचे आणि दात दाखवून हसणारे हे बाहुले हाँगकाँगमध्ये जन्मलेले व नेदरलँड्समध्ये वाढलेले चित्रकार कासिंग लंग यांनी २०१५ साली मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी रेखाटले. उत्तर युरोपातील लोककथांमधील अद्भुत प्राण्यांची छाया त्यावर आहे. २०१९ पासून पॉप मार्ट या चिनी कंपनीने त्याची बाहुली विकण्यास सुरुवात केली. त्यानंतरही काही वर्षे ते संग्राहकांपुरतेच राहिले. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गायिकावृंदातील लिसाने आपल्या लबूबूची छायाचित्रे जगाला दाखवली आणि आधी थायलंडमध्ये, मग सर्वत्र त्याची मागणी उसळली. जून २०२५ मध्ये बीजिंग येथील एका लिलावात माणसाच्या उंचीचा एक लबूबू १० लाख ८० हजार युआनला, म्हणजे सुमारे सव्वा कोटी रुपयांना विकला गेला.

व्यापाऱ्याच्या मुलीला लिलावाच्या आकड्यापेक्षा विक्रीची रीत अधिक विचारात पाडणारी वाटली. ही बाहुली बहुधा बंद खोक्यात विकतात. आत कोणत्या रंगाचे बाहुले आहे, हे पैसे देऊन खोके फोडल्यावरच कळते. एका मालिकेत सहा ठरावीक रंग असतात आणि एक गुपित रंग, जो सरासरी ७२ खोक्यांत एकदा निघतो. हवा तो रंग मिळेपर्यंत गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा खोके घेते. जत्रेतील सोरट याहून वेगळे ते काय असते? फरक इतकाच की, सोरटवाल्याकडे मूल वर्षातून एकदा जात असे आणि त्याच्या मुठीत आजीने दिलेले मोजके पैसे असत.

एखाद्या लाटेचा खर्च ती लाट न पाहिलेल्या माणसालाही भरावा लागतो, हे तिला पुण्यात सुकामेव्याचा व्यापार करणाऱ्या मामांकडून समजले. दुबईत २०२१ साली पिस्त्याचे सारण आणि कुनाफ्याचा कुरकुरीत चुरा भरलेले एक चॉकलेट तयार झाले. डिसेंबर २०२३ मध्ये ते खाऊन दाखवणारी एक चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि जगभरातील कारखाने तसेच चॉकलेट बनवू लागले. त्यातच अमेरिकेतील पिस्त्याचे पीक कमी आले. २०२५ च्या वसंतापर्यंत आंतरराष्ट्रीय बाजारात सोललेल्या पिस्त्याचा भाव वर्षभरात पौंडाला सुमारे साडेसात डॉलरवरून दहा डॉलरच्या वर गेला. सणाच्या श्रीखंडावर घालण्यासाठी शंभर ग्रॅम पिस्ते घेणाऱ्या गृहिणीने ती चित्रफीत पाहिलेलीही नसेल.

तथापि या तरुणीचा मोबाइलवर राग नाही. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्यातील खाचाखोचा ती चित्रफिती पाहूनच शिकली. आसपासच्या खेड्यांतील शाळांची वह्यांची मागणी आता संदेशावर येते आणि पैसे यूपीआयने. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास दुकानातील वह्या, कंपासपेट्या आणि शाईची पेने दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत तिनेच केली होती. ती पाहून पूर्वी कधी न आलेली चार-दोन कुटुंबे दुकानाची पायरी चढली. यंत्र आपले काम करते, अशी तिची धारणा होती. प्रश्न पडला तो त्या यंत्राने लावलेल्या घाईविषयी.

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, चित्रपटाला मध्यंतर असते, दुकानाचे शटर रात्री खाली येते. हातातील पडद्याला मात्र शेवट नाही. बोट सरकवले की पुढचा मजकूर आपोआप हजर होतो, ही रचना आझा रस्किन या अमेरिकी अभियंत्याने २००६ साली केली आणि पुढे त्यांनीच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केल्या आणि मोकळी झालेली जागा लगेच भरून निघाली. अंथरुणावर पाठ टेकताना "पाचच मिनिटे" म्हणून उघडलेला पडदा तासाभराने मिटतो, हा अनुभव तिलाही आहे. त्या तासात काय पाहिले, हे सकाळी आठवत नाही. काहीतरी घ्यायचे राहून गेले आहे, एवढी हुरहुर मात्र उरते.

ही हुरहुर विक्रीचे साधन आहे, हे तिला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वे वाचताना स्पष्ट झाले. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्या त्यांत मोजून सांगितल्या आहेत. "दोनच नग शिल्लक" अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत घालणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, आधी कमी किंमत दाखवून शेवटी आकार वाढवत नेणे, या त्यांतील काही होत. यादी वाचून तिने मनाशी एक ताळा केला. समोरासमोरच्या व्यवहारात यांपैकी एखादी गोष्ट आजोबांच्या काळी कोणी केली असती, तर संध्याकाळपर्यंत ती पेठभर झाली असती.

परंतु या यादीतील पहिली क्लृप्ती तिच्या स्वतःच्याच हातून घडण्याच्या बेतात होती. दिवाळीच्या भेटवस्तूंची चित्रफीत तयार करून तिने खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: "हा भाव फक्त आजच!" वडिलांनी ती पाहिली आणि विचारले, "उद्या भाव वाढणार आहे का?"

"नाही, पप्पा. पण असं लिहिलं की लोक लवकर येतात. सगळेच लिहितात."

"उद्या कोणी आलं, तर त्याला काय भाव सांगशील?"

"हाच."

"मग आज धावपळ करून आलेल्या माणसाला काय वाटेल?"

तिने ती ओळ पुसली आणि त्या जागी दुकानाची वेळ लिहिली.

याहून अवघड प्रसंग त्याआधीच्या पावसाळ्यात येऊन गेला होता. लबूबूची विचारणा रोज होत होती. शाळेचा हंगाम त्या वर्षी फिका गेला होता, वह्यांत भांडवल अडकले होते आणि बँकेचा हप्ता तोंडावर आला होता. अशा वेळी पुण्यातील रविवार पेठेतून एका घाऊक विक्रेत्याचा निरोप आला की, हुबेहूब माल आहे. नग नव्वद रुपयांना पडेल आणि तीनशेला सहज जाईल. शेजारच्या दुकानाच्या दर्शनी भागात तीच बाहुली लटकू लागली होती. तिने हिशेब मांडला. दोन पेट्यांत बँकेचा हप्ता निघत होता.

"पप्पा, एक पेटी आणून बघू या का?" तिने विचारले.

"पक्कं बिल देणार आहे का तो?"

"नाही, कच्चंच."

वडील थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "दुकान पुढे तुलाच सांभाळायचं आहे. तूच ठरव. फक्त गिऱ्हाइकानं हातात घेऊन विचारलं, तर हे काय आहे म्हणून सांगशील, ते आधी पक्कं कर."

निरोपासोबत नमुन्याचे एक बाहुले आले होते. ते खरे नाही, हे तीनशे रुपये देणाऱ्या आईलाही कळले असते. त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न तिने मनातल्या मनात बाजूला सारला होता. परंतु खोक्यावर आयएसआय चिन्ह नव्हते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतात १ जानेवारी २०२१ पासून हे चिन्ह बंधनकारक आहे, हे ती जाणून होती. तिने बाहुल्याचा डोळा नखाने ओढून पाहिला. तो सहज निघून तिच्या तळहातावर पडला. वाटाण्याहून लहान, गुळगुळीत. दुकानात येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या कडेवर वर्षा-दोन वर्षांचे मूल असते आणि हाती लागेल ती वस्तू ते प्रथम तोंडात घालते. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही नकली लबूबूंविषयी नेमका हाच इशारा दिला. पण तोवर तिने नमुना परत पाठवून नकार कळवला होता.

या नकाराचे कौतुक करण्यास कोणी आले नाही. गणपतीच्या दिवसांत एक नेहमीचे कुटुंब रडणाऱ्या मुलाला घेऊन शेजारच्या दुकानात गेले आणि शिसपेन्सिली, भेटकार्डे जी एरवी येथून घेतली जात, तीही तेथूनच घेऊन परतले. परत पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची तिने वहीत खूण केली. महिन्याअखेरीस खुणांची बेरीज करून बुडालेल्या नफ्याचा आकडा तिने वडिलांपुढे ठेवला. तो लहान नव्हता. बँकेचा हप्ता त्या वेळी घरखर्चातील शिलकीतून भरावा लागला. वडिलांनी आकडा शांतपणे वाचला, वही मिटली आणि सहामाही परीक्षेसाठी लागणाऱ्या पॅड व पुरवण्यांच्या मागणीची यादी तिच्या हाती दिली. दोघांनी मिळून ती तपासली.

ज्या वस्तूला चलती असते, तिला दुकानदाराची गरज फारशी नसते. ती कोणाच्याही दुकानातून खपते. पत मात्र त्या विशिष्ट दुकानाची, त्या विशिष्ट माणसांची असते आणि ती जमण्यास दोन-तीन पिढ्या लागतात. घरात वारंवार कानी पडणाऱ्या या दोन शब्दांतील अंतर तिला त्या महिन्यात आकड्यांसह समजले. पडद्यावरच्या लाटांविषयीही तिचे मन त्यामुळे काहीसे निश्चिंत झाले. नवे काही दिसले की, ती ते आजही आवडीने पाहते, मैत्रिणींना पाठवते आणि हसते. मात्र एखादी वस्तू दुकानात आणावी किंवा स्वतःसाठी घ्यावी असे वाटले, तर एक रात्र मध्ये जाऊ देते. सकाळी ती वस्तू आठवली नाही, तर प्रश्न आपोआप मिटतो.

नव्या वर्षाची वही घालताना तिने चार रकान्यांच्या पुढे पाचवा आखला: "वर्षानंतर". ओळखीचे गिऱ्हाईक आले की, गेल्या साली नेलेल्या वस्तूचे काय झाले, हे ती सहज बोलता बोलता विचारते. उत्तरे गमतीची असतात. पॉप-इट कपाटाच्या कडीला लटकत असते. भिंगरी मांजराच्या खेळण्यात जमा झालेली असते. मोठ्याची कंपासपेटी धाकट्याच्या दप्तरात गेलेली असते, तिच्या झाकणावरचे जुने नाव खोडून नवे घातलेले असते. ही शेवटची नोंद करताना तिच्या पेनाचा वेग थोडा मंदावतो आणि पुढच्या जूनची कंपासपेट्यांची मागणी ती दोन डझनांनी वाढवते.