खाती वाढली, वाट रुंदावली का?

डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून धरमतरच्या खाडीने येतो. समजा, घाई म्हणून कुणी बार्ज पाचपट केल्या. खाडी आणि धक्का मात्र तेवढाच ठेवला. माल पाचपट येईल का? नाही. पुष्कळ बार्ज नांगर टाकून नुसत्या उभ्या राहतील.

याची आठवण होण्याचे कारण असे. आमच्या प्रयोगांच्या व व्याख्यानांच्या चित्रफिती, सुमारे २,००० गिगाबाईट, गूगल ड्राइव्हवर चढवायच्या होत्या. तेथे एका खात्यातून दिवसाला ७५० गिगाबाईटच चढवता येतात. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, पाच जणांची खाती वापरू या!"

युक्ती चतुर खरी. पण आधी गणित करू. आमच्या जोडणीचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट. एका बाईटचे ८ बिट, म्हणून ७५० गिगाबाईट म्हणजे ६० लाख मेगाबिट. त्यांना ६०,००० सेकंद, म्हणजे १६ तास ४० मिनिटे लागतात. उरलेल्या वेळात दुसरे खाते आणखी ३३० गिगाबाईट चढवील. तिसऱ्याला कामच उरत नाही! एका खात्याने तीन दिवस, पाच खात्यांनी दोन दिवस, लाभ एवढाच.

"जोडणी दसपट वेगवान असती तर?" असे तुम्ही विचाराल. तर युक्ती साधली असती, आणि तेव्हाच ती अयोग्य ठरली असती. एकाच्या ओझ्याखाली इतरांचे काम अडू नये, यासाठीच ही मर्यादा असते. सर्वांनीच ती चुकवली, तर ती आणखी कडक होईल आणि प्रामाणिक माणूस भरडला जाईल.

सर्वांच्या घाईने काय होते, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत दिसले. बर्कले येथील विद्यापीठ व जवळच्या प्रयोगशाळेतील दळणवळण सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरले! पोच मिळाली नाही की संगणक तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवीत, आणि कोंडी वाढतच जाई. व्हॅन जेकबसन यांनी सुचविलेला उपाय साधा होता: कोंडी दिसताच प्रत्येकाने आपला वेग कमी करावा. आजही नकार मिळाल्यावर १, २, ४, ८ सेकंद असे थांबत जाणे, हीच शहाणी रीत समजतात.

आम्ही एकच खाते वापरले. तिसऱ्या दिवशी काम संपले. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. मर्यादा चुकविण्याची वाट शोधण्यापूर्वी ती कोणासाठी घातली आहे, हे विचारण्याची सवय विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हवी.