फौजी गावी परतला, पुढे काय?



ऊस विकासाच्या कामासाठी आम्ही बांधाबांधाने हिंडतो, तेव्हा बेणे, खत आणि पाणी एवढ्यावरच बोलणे संपते असे नाही. घरचे दुखणेही बांधावरच निघते. गेल्या काही हंगामांत असे एक दुखणे आमच्या कानावर वारंवार आले. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला माणूस आणि त्याचे घर यांचे पुन्हा जुळताना फार ओढाताण होते. आपल्या पत्रिकेत यावर काही आल्याचे आम्हास आठवत नाही, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

उरीच्या हल्ल्यात, सप्टेंबर २०१६ मध्ये, आपल्या जिल्ह्यातील वणी तालुक्यातील पुरडचे विकास कुळमेथे शहीद झाले, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. ते योग्यच होते. परंतु जो जिवंत परत येतो त्याच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. उघडी जीप, गुलाल, डीजे, फटाके, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. (सीमेवरून आलेल्या माणसाच्या कानाशी फटाक्यांची माळ लावायची ही कल्पना कोणाची, देव जाणे.)

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. फौजेची परंपरा असलेल्या अशा गावात परतलेल्या माणसाला पारावर त्याच्यासारखेच दहा जण भेटतात. पेन्शनचा कागद कुठे अडतो आणि पहिले वर्ष कसे काढावे, हे सांगणारा चुलता घरातच असतो. आपल्याकडे पुसद, उमरखेड, महागाव भागात गावात फौजीचे घर एखाद-दुसरेच. तो कोणाजवळ बोलणार? आपण त्याला 'मेजर' म्हणतो, चहा पाजतो आणि पैशाची चौकशी करतो.

या पैशाबद्दल स्पष्ट बोललेच पाहिजे. साधा जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि त्याच्याकडे मोठी रक्कम आल्याची बातमी त्याच्याआधी गावात पोहोचते. भावाला ट्रॅक्टर हवा असतो, मेहुण्याला प्लॉट, कुणाला हातउसने. आता ही रक्कम येते कुठून ते पाहा. ग्रॅच्युइटी आणि फंड सोडला तर तिचा बराच भाग त्याने स्वतःची पेन्शन विकून आणलेला असतो. जवानाला पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग असा विकता येतो आणि पुढची पंधरा वर्षे तेवढी पेन्शन दरमहा कापून हाती पडते. म्हणजे त्याच्याकडून उसने नेणारा त्याच्या लेकरांच्या पंधरा वर्षांच्या घासातून नेत असतो.

येथे आम्ही स्वतःला वेगळे काढीत नाही. आमच्याच वयाचा एक जवान गटात परत आला, तेव्हा नोंदीचे क्षेत्र वाढवण्याच्या भरात आम्ही त्याला पहिल्याच वर्षी पाच एकर सुरू ऊस लावायला लावला. को ८६०३२ चे चांगले बेणे दिले. पाइपलाइन त्याने स्वतःच्या पैशाने केली. बोअरचे पाणी मे महिन्यात किती राहते, हे त्याला कसे ठाऊक असणार? तो सतरा उन्हाळे गावातच नव्हता. ते विचारायचे काम आमचे होते. बोअरने दम सोडला आणि निम्मा ऊस जनावरांपुढे टाकावा लागला. तो आम्हास एक शब्द बोलला नाही, हेच जास्त लागले.

त्याच्या घरातील एका माणसाला मात्र त्या बोअरची खडान्‌खडा माहिती होती. ती म्हणजे त्याची बायको. नवरा दूर असताना शेत ओढले तिने, स्लिपबॉयच्या मागे फिरली ती, तोडणीच्या टोळीला भाकरी घातली ती. पण नवरा आला त्या दिवसापासून आम्ही खात्याचे लोकही वहिनींना ओलांडून त्याच्याशीच बोलू लागलो. एक भगिनी आम्हास म्हणाल्या, "पंधरा वर्सं पाणी मीच देल्लं न भाऊ, खताची पोती मीच उचलली. आता हे म्हणतात, तुले काय समजते." त्यांच्या यजमानांची बाजूही ऐकली. ते म्हणाले, "साहेब, सुट्टीवर यायचो तेव्हा बरं होतं. महिनाभराचा पाहुणा. आता कायमचा पाहुणा झालो. पोरगा पैसे आईलाच मागते." दोघांचेही खरे आहे. त्यात सातबारा सामाईक, शेअर वडिलांच्या नावे आणि बिल थोरल्या भावाच्या खात्यात, म्हणजे विस्तवावर तेलच. अशा घरी वाटणीचा विषय पहिल्याच वर्षी काढू नये असे आमचे मत आहे, आणि शेजारच्या शहाण्यांनी तर मुळीच काढू नये.

काहींना रात्री झोप नसते. वीज रात्रपाळीला असली की ते आपण होऊन पाण्याला जातात आणि लोक म्हणतात, फौजी कष्टाळू आहे. फडाला आग लागली आणि कांड्या फुटू लागल्या की एखादा जागीच थिजतो, एखादा बाटलीजवळ जातो. हे भित्रेपण नव्हे आणि वेडही नव्हे, त्यावर इलाज आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्यात आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आपला जिल्हा पोळलेला आहे. गप्प बसलेल्या माणसाला वेळीच विचारावे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नोकरीचे म्हणाल तर राज्यात गट क व ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. कागद यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होतात. पण सीआरपीएफ, बीएसएफमधून आलेला जवान या हिशेबात माजी सैनिक धरला जात नाही, आणि तो काही कमी थकून आलेला नसतो. आपल्या कारखान्यापुरते बोलायचे तर फौजी म्हटला की गेटवर काठी, ही सवय आता सोडावी. कोणी सैन्यात वीस टनी गाड्या दुरुस्त केल्या, कोणी वायरलेस सांभाळले, कोणी दवाखान्यात काम केले. वर्कशॉपला आणि वजनकाट्याला अशी माणसे नकोत काय? व्यवस्थापनाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हे काम आणखी वाढणार आहे. चार वर्षांनंतर शेकडा पंचवीसपर्यंतच मुले सैन्यात राहतील. बाकीची पंचविशीच्या आतबाहेर, पेन्शनशिवाय, सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन गावी येतील. ट्रॅक्टरच्या एजंटाला त्यांचे पत्ते आपल्याआधी सापडतील.

आमच्या शेतकी विभागापुरते आम्ही असे ठरवले आहे की, परतलेल्या जवानाची पहिल्या वर्षी एक एकरापेक्षा जास्त नवी लागवड सुचवायची नाही. आधी माती तपासायची, मे महिन्यात बोअर मोजायचा आणि बांधावर नवरा-बायको दोघेही असतील तेव्हाच बोलायचे. ज्या सभासदांच्या घरी यंदा कोणी निवृत्त होऊन येत असेल त्यांनी सुरू लागवडीच्या नोंदीपूर्वी गट कार्यालयात कळवावे. वर सांगितलेल्या पाच एकरांपैकी दोन एकरांत आता ठिबकवर ऊस आहे, उरलेल्यात हरभरा. कोठे काय पेरायचे ते वहिनींनी सांगितले.